प्रकरण चौदावे : लाखेखालचं शून्य

थोरली बेकरीत पाव आणायला गेली आणि रिकामी पिशवी घेऊनच परत आली. एरवी ती अशी विसरभोळी बाई नव्हे. तराजू-काट्यांच्या या दुकानात कुठल्या खणात कुठला स्क्रू पडलाय हे मालकाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माहीत नसेल, पण तिला झोपेतून उठवून विचारा. आज मात्र पाव गेला खड्ड्यात. रस्ता ओलांडताना एक सायकलवाला तिच्यावर खेकसला, तेही तिला ऐकू आलं नाही.

दुकान रविवारचं बंद, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. उद्या सकाळी दहाला नगरपालिकेत सुनावणी. वस्तीतलं बालकेंद्र महिनाअखेर बंद करायचं आणि आयांनी पोरांना घेऊन दोन बस बदलत मोठं इस्पितळ गाठायचं, असं वरच्यांनी ठरवलं होतं. त्याविरुद्ध पाच महिने वस्तीतल्या बायका उभ्या ठाकल्या होत्या आणि त्यांची पुढारी कोण, तर थोरली. तिला कुणी निवडलं वगैरे नव्हतं. पहिल्या सभेत माईक बंद पडला आणि हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, एवढीच आपली लायकी, असं ती स्वतःच सांगायची. दोन हजार सह्या झाल्या होत्या. त्यांचे गठ्ठे दुकानभर पसरलेले, आणि पंख्याने उडू नयेत म्हणून वर पितळी वजनं ठेवलेली.

"पाव?" खिडकीजवळच्या खुर्चीतून सासऱ्यांनी विचारलं. वय ब्याऐंशी, दिसायचं बरंच कमी झालेलं, पण चहाच्या वेळेचं भान पक्कं.

"संपला, बाबा."

"रविवारी चार वाजता संपला?"

"संपला म्हणजे संपला हो!" ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. बाबांशी या सुरात ती कधी बोलत नसे.

नणंदेने वहीतून डोकं वर काढलं. हिला सगळे ताई म्हणत, कारण ती भावंडांत सगळ्यांत मोठी. आणि वस्तीही ताईच म्हणे, कारण बालकेंद्राची ती नर्स. वीस वर्षांत वस्तीतलं एक पोर नसेल जे तिच्या हाताखालून गेलं नाही. "काय झालं गं तुला? तोंड का असं?"

थोरली बसली, उठली, पुन्हा बसली. एक गठ्ठा उगीच सरळ केला. मग बाकावर वाकून एका जुन्या काट्याची दांडी पुसत बसलेल्या नवऱ्याकडे वळली.

"अहो, बेकरीचा काटा शेवटचा कधी तपासलात?"

"गेल्या महिन्यात."

"बरोबर होता?"

थोरल्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. हा प्रश्न या घरात कुणी कुणाला विचारत नसे. तीन पिढ्या काटे दुरुस्त करून खाल्लेलं घर. "का?"

"बेकरीवालीने मघाशी गंमत म्हणून आपल्या पोरीला पिठाच्या काट्यावर ठेवलं. सहा किलो चारशे वीस. आणि गुरुवारी केंद्रात तीच पोरगी सहा किलो आठशे भरली होती. तीन दिवसांत पाव किलो-दीड पाव कुठे गेलं?"

"पोर चाळून घेतलं असेल तिने," धाकटा दीर म्हणाला आणि स्वतःच हसला. धाकटा नगरपालिकेत नोंदणी विभागात कारकून होता. केंद्र बंद करण्याचं पत्र त्याच्याच टेबलावर टाइप झालं होतं, आणि त्याविरुद्धच्या सह्या मोजायलाही तोच येऊन बसला होता. दोन्ही डगरींवर पाय, असं थोरली त्याला तोंडावर म्हणायची.

"हसू नका भाऊजी. दोन्ही काट्यांवर लाखेचा शिक्का आपला आहे. दोन्हींतला एक खोटं बोलतोय. मी तिला सांगून आले की बाई, तुझाच बिघडला असेल, केंद्राचा चुकायचा नाही. पण पाय काही पुढे पडेना माझा."

आणि पाय का पडत नव्हता, तेही ऐका. नगरपालिकेचं म्हणणं एकच होतं: तुमच्याच केंद्राच्या वहीप्रमाणे एकशे बारा मुलांत कमी वजनाची फक्त नऊ, मुलं ठणठणीत आहेत, मग केंद्र हवंय कशाला? यावर पाच महिने कुणाला तोंड उघडता आलं नव्हतं. बायकांना घरात पोरं किरकिरी दिसत, मनगटं काडीसारखी दिसत, आणि वही म्हणे सगळं छान. वहीपुढे आईचं कोण ऐकतं?

थोरला उठला. रागावला की तो बोलत नसे; तसा खूश असला तरी बोलत नसे म्हणा. "ताई, किल्ली आहे?"

"आहे की."

"चल. काटाच घेऊन येऊ."

केंद्र दोन गल्ल्या पलीकडे. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील, पण तेवढ्यात थोरलीने दुकानात दहा येरझाऱ्या घातल्या, दोनदा चहाचं आधण ठेवून दोनदा गॅस बंद केला. धाकटी जाऊ कोपऱ्यातल्या स्टुलावर सात महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. पोर रडत नव्हतं, झोपतही नव्हतं, नुसतं आईच्या ओढणीचं टोक चघळत होतं. धाकटी घरात अशीच, असून नसल्यासारखी.

थोरला आला तो काटा दोन्ही हातांत धरून, आणि मागून ताई, खांद्यावर घडी घातलेली दुलई टाकून. काटा बाकावर ठेवला. बाळाला झोपवायचं पत्र्याचं लांबट तबक, त्याच्या पुढ्यात आडवी दांडी, दांडीवर सरकणारी गोटी. शून्याच्या स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका जसाच्या तसा. थोरल्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग कपाटातून कसोटीचं पाच किलोचं वजन काढून तबकात ठेवलं आणि गोटी सरकवली.

"किती?" बाबांनी विचारलं.

"पाच."

"नक्की?"

"पाच म्हणजे पाच, बाबा. केसाचाही फरक नाही."

"झालं!" धाकटा टाळी वाजवून म्हणाला. "बेकरीवालीला म्हणावं, पाव भाज."

थोरलीला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिची तिलाच चीड आली, कारण आत कुठेतरी तिची निराशाही झाली होती. नवऱ्याचा काटा खरा निघाला याचं दुःख करणारी बायको मीच, असं तिच्या मनात आलं.

"अरे पण थांब," ताई म्हणाली. "आम्ही असं थोडंच ठेवतो? गार पत्रा लागला की पोरं किंचाळून घर डोक्यावर घेतात." तिने खांद्यावरची दुलई काढली, वीस वर्षांच्या सवयीच्या हाताने चार पदरी केली आणि तबकात अंथरली. "हं. ठेव आता."

थोरल्याने वजन ठेवलं. दांडी ताडकन वर गेली. त्याने गोटी सरकवली, आणखी सरकवली, मग बोटाच्या नखाने हळूहळू ढकलली. दांडी स्थिर झाली.

पंखा तेवढा फिरत होता.

"काय झालं?" बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "मला दिसत नाही म्हणून मुके झालात का सगळे? आकडा सांगा!"

"पाच किलो तीनशे ऐंशी," थोरला म्हणाला.

बाहेरचा माणूस असता तर त्याला यात एवढं आभाळ कोसळण्यासारखं काही दिसलं नसतं. पण या दुकानाची एक रीत होती, बाबांच्या वडिलांनी घातलेली. रिकाम्या काट्याचं शून्य लावायचं नाही. गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, मालाखाली काय ठेवणार? टोपली, परात, गोणपाट, जे असेल ते घेऊन या. ते काट्यावर ठेवायचं, मग शून्य लावायचं, आणि वर लाख ओतून शिक्का मारायचा, की पुन्हा कुणाचा हात लागायला नको. कोळसेवाल्यापासून सोनारापर्यंत प्रत्येकाला हा प्रश्न विचारलेला होता. साठ वर्षांत एकालाही सोडलेलं नव्हतं.

"थोरल्या," बाबा अगदी हळू म्हणाले. "तू विचारलं नाहीस?"

थोरला खाली मान घालून उभा राहिला. "ताईचा काटा होता, बाबा. ताईला काय विचारायचं?"

"आणि मला काय सांगायचं!" ताई उसळून म्हणाली. "मी समजले, दुलई धरूनच लावलं असणार. आपल्या दुकानाची रीतच आहे ती. सख्ख्या भावाची लाख आहे म्हटल्यावर मी तपासू? नर्सच्या शाळेत शिकवतात रे रोज सकाळी शून्य बघायला. वीस वर्षांत दुसऱ्या कुणाचा काटा असता तर बघितलं असतं मी."

"म्हणजे परका असता तर विचारलं असतं, आणि परका असता तर तपासलं असतं," धाकटा म्हणाला. "वा! काय पण घर आहे!"

"तू गप रे!" दोघं एकदम म्हणाली. भावाबहिणीचं एवढ्यापुरतं एकमत झालं, पण तेवढ्यापुरतंच. पुढची दहा मिनिटं दुकानात नुसती तू-तू मैं-मैं. काटा दुरुस्तीला आला कधी? चौदा महिन्यांपूर्वी. मग दुलई का नाही पाठवली? काट्याबरोबर नव्हती. का नव्हती? आता चौदा महिन्यांपूर्वीची दुलई कुठे होती ते मला कसं आठवणार, ताई म्हणाली.

थोरलीला आठवलं. आठवलं तशी ती बाकाला धरून उभी राहिली.

दुलई तिनेच शिवली होती. केंद्रासाठी तिने केलेलं ते पहिलं काम. सभा-बिभा, सह्या-बिह्या सगळं त्यानंतर. आत चांगली जाड लोकर भरली होती, पोरांना ऊब मिळावी म्हणून. आणि काटा दुरुस्तीला आला त्या दिवशी ताईने तिच्याकडेच दिली होती, धुऊन दे गं म्हणून. खाली बाकावर काटा उघडून पडलेला, आणि वर गच्चीत दोरीवर दुलई वाळत घातलेली. मधे एक जिना. ती स्वतः दोनदा या जिन्यावरून चहा घेऊन उतरली होती.

"माझ्याकडे होती," ती म्हणाली. "मी धुतली. वर वाळत होती."

थोरल्याने वळून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता हा म्हणेल, मग मला एकट्याला का बोलताय. तो काही म्हणाला नाही, आणि ते तिला जास्त लागलं. मेल्याने एकदा तरी ओरडावं!

ताईने वही पुढे ओढली होती. पेन्सिल घेऊन ती एकेका नावासमोर तीनशे ऐंशी वजा करत चालली होती, आणि ओठ हलत होते. कुणी तिच्याशी बोललं नाही. दोन पानं झाली, चार झाली. सहाव्या पानावर तिने चष्मा काढून पुसला.

"चौतीस," ती म्हणाली. "नऊ नाही. चौतीस पोरं रेघेखाली आहेत."

थोरली बाकाजवळून उडालीच. "मग हेच! हेच तर हवं होतं आपल्याला! वही काय म्हणते, वही काय म्हणते, घ्या म्हणावं आता वही! उद्या हा आकडा टेबलावर ठेवला की कुणाची छाती आहे केंद्र बंद करायची?" बोलता बोलता तिचं लक्ष नवऱ्याकडे गेलं, आणि ती अर्ध्यावर थांबली.

"बोला की वहिनी," धाकटा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "आकडा ठेवायचा म्हणजे कारणही ठेवावं लागेल. काट्यावर शिक्का कुणाचा? दुकानाचा. परवाना दादाच्या नावावर. वह्या भरल्या कुणी? ताईने. एका वाक्यात दोघांचं आटोपलं. मी त्या इमारतीत बसतो, मला माहीत आहे तिथे काय होतं. एका काट्याचं सिद्ध झालं की बाजारातला प्रत्येक काटा काढून बघतील. आजोबांपासूनचं नाव मातीत."

"मग काय करू म्हणता?"

"आज शून्य नीट लावा. नवी लाख. पुढच्या गुरुवारी फेरवजन करा, आकडे आपोआप खाली येतील. बभ्रा नाही, काही नाही. उद्या तारीख वाढवून मागा."

"पत्रात महिनाअखेर लिहिलंय भाऊजी, तुम्हीच टाइप केलंय. आज वीस तारीख. कोण देतं तारीख वाढवून?"

"नाही दिली तर नाही दिली. एक केंद्र गेलं तर गेलं, घर तरी राहील."

त्याचं चूक होतं असं म्हणायला थोरलीची जीभ धजेना. ताई पेन्सिलचं टोक दाताखाली धरून बसली. थोरला फडकं घेऊन पुसलेलाच काटा पुन्हा पुसू लागला. एवढी माणसं, आणि जो तो दुसऱ्याची नजर चुकवत होता.

तेवढ्यात धाकटी उठली. कुणाला काही न विचारता ती बाकाजवळ आली, तबकातली दुलई काढून जमिनीवर टाकली, आणि लेकीचे कपडे उतरवू लागली.

"अगं, गार लागेल तिला," धाकटा म्हणाला.

"लागू दे."

पोरगी उघड्या पत्र्यावर टेकली मात्र, तिने असा टाहो फोडला की बाबा खुर्चीत दचकले. धाकटीने एका हाताने तिला धरलं, मग अलगद हात काढला. "वाचा दादा," ती थोरल्याला म्हणाली.

"पाच किलो नऊशे वीस."

धाकटीने पर्समधून लेकीचं कार्ड काढलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवलं. गेल्या महिन्यापर्यंत सगळे ठिपके हिरव्या पट्ट्यात, आणि सात महिन्यांच्या खाली सहा किलोवर रेघ. "तीन महिने सांगतेय मी," ती म्हणाली, "पोर अंगाला लागत नाही, पोर अंगाला लागत नाही. तुम्ही म्हणालात, कार्ड बघ. ताई म्हणाल्या, पहिलटकरणीला असंच वाटतं. आणि वहिनी..." ती थोरलीकडे वळली. "वहिनी, तुम्ही वस्तीतल्या सगळ्या बायकांचं ऐकून घेतलंत. माझं ऐकून तुम्ही हसलात."

हसली होती. थोरलीला तो दिवसही आठवत होता, आणि काय म्हणून हसली तेही. कार्ड हिरवं आणि आई रडवेली, तू उलटीच बाई आहेस, असं म्हणाली होती ती. तिला वाटलं जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. तिने जमिनीवरची दुलई उचलली, पोरीला तिच्यात गुंडाळून छातीशी धरलं, आणि रडू आलं ते लपवलं नाही.

धाकटा कार्ड हातात घेऊन उभा होता. त्याने बोटाने रेघ शोधली, मग ठिपका शोधला, मग पुन्हा रेघ. "उद्या किती वाजता आहे?" त्याने विचारलं. सुनावणीची वेळ त्यानेच टाइप केली होती. "दहा ना? दहाच."

मग बाबा बोलले. त्यांनी काठी शोधली, पण उठले नाहीत. "ऐका. सांगायचं आहे ना, सांगा. पण माझं नाव सांगा. म्हाताऱ्याने लावलं म्हणावं शून्य, डोळ्यांना दिसत नाही, हट्टाने बसला बाकावर. माझा परवाना कधीच संपला, मला कोण काय करणार? थोरल्याचं दुकान राहील. ताईची नोकरी राहील. आणि पोरांचं काम होईल."

दुकानात पहिल्यांदा सगळ्यांनी श्वास सोडला. खरंच की! साप मरतो आणि काठीही मोडत नाही. ताईच्या चेहऱ्यावर रंग आला. धाकटा मान हलवू लागला. थोरलीच्या मनात तर उद्याचं वाक्यही जुळू लागलं, आमचे वयोवृद्ध सासरे, दृष्टी अधू, आणि ते किती सोपं जुळत होतं याची तिला भीती वाटली.

"नाही," थोरला म्हणाला.

"अरे, ऐक तर..."

"नाही, बाबा." त्याने फडकं बाजूला ठेवलं. हा माणूस सलग चार वाक्यं बोलल्याचं थोरलीने लग्नानंतर मोजून दोनदा ऐकलं होतं; ही तिसरी वेळ. "तुमच्या हातून साठ वर्षांत एक काटा चुकला नाही. आता मी तुमच्या नावावर एक चुकलेला चढवू? लोकांची पोरं जोखली मी, तीही चुकीची, आणि वर आणखी तुम्हाला पुढे करू? शून्य मी लावलं. विचारलं नाही ते मी. परवाना गेला तर जाऊ दे. दुसऱ्याच्या दुकानात कामाला जाईन, हात तर माझ्याकडेच आहेत ना?"

बाबांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. "हातोडी आण," ते म्हणाले, "आणि ती लाख फोड. माझ्यासमोर फोड. ऐकू येऊ दे मला."

थोरल्याने फोडली. दुलई तबकात घालून शून्य लावलं, आणि वर पुन्हा लाख ओतली नाही. ताई म्हणाली, रोज सकाळी मीच बघेन. बोलली खरी, पण उद्यानंतर केंद्रातली रोजची सकाळ तिला मिळेल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

थोरली टेबलाशी उद्याचा कागद लिहायला बसली. "माननीय अध्यक्ष," एवढं झालं आणि पेन थांबलं. डोक्यात भलताच विचार शिरला होता.

"उद्या दहाला आपण साहेबांना सांगणार," ती म्हणाली. "आणि या चौतीस जणींना कधी? त्यांना कोण सांगणार, साहेब? भर सुनावणीत बसून, दोन हजार लोकांच्या सह्यांसमोर ऐकायचं त्यांनी, की तुझं पोर उपाशी आहे?"

"सुनावणी झाल्यावर सभा घेऊ," ताई म्हणाली.

"सभा कसली घेतेस? पोरांच्या पोटाला आज कमी पडतंय." ती उठली. "वही दे. घरं तुला पाठ आहेत, पत्ते सांग."

पत्ते वाटून घेतले. नदीकडच्या गल्ल्या ताईकडे, बाजारामागच्या धाकट्याकडे. धाकटी म्हणाली, बेकरीवालीकडे मी जाते, आणि पोरीला घेऊनच जाते, म्हणजे मला फार समजवावं लागणार नाही. पहिल्या गल्लीची नऊ घरं उरली. थोरलीने चपला घातल्या. पाहते तर नवरा शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावत होता.

"तुम्ही?"

"मग कोण?"

"तुम्हाला बोलता यायचं नाही हो. मी सांगते, तुम्ही नुसते उभे राहा."

गल्लीत शिरेपर्यंत उन्हं कलली होती, पोरं रस्त्यात चेंडू खेळत होती, आणि थोरली चालता चालता मनात वाक्यं जुळवत होती, खोडत होती. हळुवार सांगावं की सरळ सांगावं? आधी चूक सांगावी की आधी उपाय? पहिल्याच घराशी तिचे पाय अडखळले. थोरल्याने पुढे होऊन दार वाजवलं.

दार उघडलं ते एका तरुण बाईने. कडेवर वर्षभराचा मुलगा, हात साबणाने ओले. दोघांना पाहून तिचा चेहरा एकदम खुलला.

"अगंबाई, काकू! आणि काटेवाले काकापण! सह्यांचं राहिलं का काही? आमच्या घरच्या चारही झाल्यात हं."

"नाही, सह्या नाही," थोरला म्हणाला. "याच्या वजनाबद्दल बोलायचं होतं."

"वजन ना? छान आहे की! मध्यंतरी मला फारच घोर लागला होता, वरचं दूध सुरू केलं होतं रात्रीचं. मग गेल्या गुरुवारी ताईंनी कार्ड दाखवलं, म्हणाल्या, सगळं हिरवं आहे. मग केलं बंद. उगीच कशाला सवय लावा?" ती हसली. "थांबा हं, दाखवतेच तुम्हाला. जपून ठेवलंय मी. उद्या साहेबांना दाखवायला न्यायचंय ना?"

आणि मुलाला थोरल्याच्या हातात देऊन ती लगबगीने आत गेली. आतून खण उघडल्याचा आवाज आला. थोरली बोलायला म्हणून पुढे सरकली, तशी थोरल्याने मान हलवली. मूल त्याच्या दोन्ही तळहातांवर होतं. आयुष्यभर वस्तू जोखलेले हात ते. त्यांना काट्याची गरज नव्हती. त्याने एकदाच मुलाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की थोरलीने नजर वळवली.

बाई कार्ड घेऊन आली.

"हे बघा," ती म्हणाली.

"ते चुकीचं आहे," थोरला म्हणाला. "माझ्यामुळे चुकलंय. आत येऊ का?"